टेस्टचा हिशोब लावणारा लिसनर : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

टॉवेल कारखान्याच्या सॉफ्टवेअरला स्वतःचा टेस्ट रिपोर्ट द्यायचं आज ठरलं. सॉफ्टवेअर जावा १७ वर, बिल्ड (कोड जोडून, तपासून प्रोग्राम तयार करणं) मेव्हनचा, टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे तुकडे, बहुतेक जेयूनिट ५ मधल्या. थोड्या जुन्या टेस्ट जेयूनिट ४ च्या आहेत, त्या व्हिंटेज या जुन्या टेस्ट चालवणाऱ्या इंजिनवर चालतात. कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आमचं ऑफिस सात रस्त्याजवळ.

रिपोर्ट सध्याही निघतो. शुअरफायर, म्हणजे मेव्हनमध्ये टेस्ट चालवणारा भाग, प्रत्येक टेस्ट क्लासची (टेस्टच्या गटाची) एक एक्सएमएल फाइल टार्गेट फोल्डरात ठेवतं, बिल्ड सर्व्हर ती वाचतो, आम्हाला तेवढं पुरतं. पण रिलीज घ्यायचा की नाही हे ठरवतात कारखान्यातले अण्णा. लूमपासून पॅकिंगपर्यंत सगळं तेच बघतात. ते विचारतात, "डझनाच्या वजनाचं तपासलं का? बिलाचं तपासलं का? आणि काय काय तपासायचं राहिलंय?" पहिल्या दोन प्रश्नांना एक्सएमएलमधून उत्तर काढता येतं. तिसऱ्याला येत नाही, कारण जे चाललंच नाही त्याची ओळ कुठल्याच फाइलीत धड नसते.

म्हणून या कामाचं सूत्र असं धरलं: योजनेतल्या प्रत्येक टेस्टचा शेवट रिपोर्टमध्ये दिसला पाहिजे. पास, फेल, बंद ठेवलेली, अटीवर थांबलेली, किंवा तिथपर्यंत गाडी पोचलीच नाही. बेरीज जुळली नाही तर रिपोर्ट बाहेर द्यायचा नाही.

३ फेब्रुवारी

लिसनर म्हणजे टेस्ट चालताना घडणाऱ्या घटना ऐकून नोंदणारा कोड. त्याने कुठल्या जागी कान लावायचा हे आज ठरवलं. तीन जागा होत्या.

जेयूनिट ४ चा रनलिसनर हा क्लास जुना आणि सरळ. टेस्ट सुरू झाली, फेल झाली, दुर्लक्षित झाली, संपली, अशा मेथड (क्लासमधले कामाचे तुकडे) ओव्हरराइड करायच्या आणि शुअरफायरच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिसनर या नावाने क्लासचं नाव द्यायचं. अजूनही कित्येक प्रकल्प यावर चालतात. पण ज्युपिटरच्या, म्हणजे जेयूनिट ५ च्या नव्या इंजिनवरच्या, टेस्ट त्याला नीट दिसणार नाहीत.

दुसरी जागा टेस्टवॉचर. हे ज्युपिटरचं एक्स्टेन्शन (जोडभाग) ५.४ पासून आहे. पास, फेल, थांबली, बंद अशा चारच मेथड, त्यामुळे लिहायला हलकं. अडचण अशी की ते फक्त ज्युपिटरच्या टेस्ट मेथडकडे बघतं. व्हिंटेजच्या टेस्ट त्याच्या हद्दीबाहेर, आणि अख्खा क्लास सुरुवातीच्या तयारीतच कोसळला तर त्याला पत्ता लागत नाही. आम्हाला तर नेमकं तेच हवंय.

तिसरी जागा टेस्टएक्झिक्युशनलिसनर. जेयूनिट ५ सप्टेंबर २०१७ मध्ये आलं तेव्हाच चालवणारा प्लॅटफॉर्म आणि टेस्ट लिहायचं इंजिन वेगळं करण्यात आलं. हा लिसनर प्लॅटफॉर्मच्या पातळीवर बसतो. इंजिन ज्युपिटर असो की व्हिंटेज, सगळ्या घटना एकाच दारातून येतात. शिवाय सुरुवातीलाच टेस्टप्लॅन हातात मिळतो, म्हणजे काय काय चालायचं आहे ती यादी. बेरीज जुळवायची तर यादी लागणारच. हाच घ्यायचा.

जेयूनिट ६ गेल्या सप्टेंबरात आलंय, त्याला किमान जावा १७ लागतं, म्हणजे जाता येईल. पण त्यात व्हिंटेजचा निरोप समारंभ सुरू झालाय, आणि आमच्या जुन्या टेस्ट अजून हलवायच्या आहेत. आत्ता नको.

४ फेब्रुवारी

लिसनरचं वेगळं मॉड्यूल केलं. नोंदणीला सर्व्हिसलोडर, म्हणजे फाइलीत लिहिलेले क्लास शोधून आणणारी जावाची सोय, वापरला: रिसोर्सेसमध्ये मेटा-इन्फ, त्यात सर्व्हिसेस फोल्डर, त्यात इंटरफेसच्या पूर्ण नावाची फाइल आणि फाइलीत एकच ओळ, आपल्या क्लासचं पूर्ण नाव. हे मॉड्यूल टेस्ट स्कोपमध्ये जोडलं की लिसनर आपोआप उचलला जातो. ज्युपिटरची एक्स्टेन्शन अशी आपोआप उचलायला वेगळी सेटिंग चालू करावी लागते, लिसनरला तसं काही लागत नाही. एखाद्या बिल्डला तो नको असेल तर बंद करायची सेटिंगही प्लॅटफॉर्ममध्ये आहे.

एक काळजी आधीच घेतलेली बरी. लाँचरची (टेस्ट चालू करणाऱ्या जेयूनिटच्या भागाची) डिपेंडन्सी लिसनरच्या मॉड्यूलला प्रोव्हायडेड स्कोपमध्ये ठेवली, म्हणजे ती सोबत जात नाही. चालवताना शुअरफायर इंजिनशी जुळणारा लाँचर स्वतः आणतं. आपण आपला वेगळ्या आवृत्तीचा लाँचर सोबत पाठवला तर दोघांची टक्कर होते आणि 'मेथड सापडत नाही' असा एरर येतो, ज्याचा टेस्टशी काडीचा संबंध नसतो. सगळ्या जेयूनिट जारच्या आवृत्त्या बॉमवरून (जुळणाऱ्या आवृत्त्यांच्या मेव्हनच्या यादीवरून) घेतल्या, म्हणजे एकीकडे ५.१० आणि दुसरीकडे ५.११ असा प्रकार होणार नाही.

संध्याकाळपर्यंत पहिल्या ओळी फाइलीत आल्या. घटनांचा क्रम डोळ्यांनी बघितला की बरंच कळतं: इंजिन सुरू, क्लास सुरू, मेथड सुरू, मेथड संपली, क्लास संपला, इंजिन संपलं. प्रत्येकाला आयडी आहे, आणि तो कंटेनर आहे की टेस्ट हे विचारता येतं. इंजिन आणि क्लास हे कंटेनर, मेथड ही टेस्ट. एक ओळ अशी दिसते (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम):

संपली | ज्युपिटर / डझनवजनटेस्ट / तीसबायसाठ | ३० × ६० इंच, ५०० जीएसएम, डझनाचं वजन | पास | ४ मिलिसेकंद

तिसरा रकाना डिस्प्लेनेममधून येतो. टेस्टना मराठी नावं द्यायचं काम आमच्या टेस्टर मॅडमनी अंगावर घेतलं. शुअरफायर ३ मध्येही एक्सएमएलमध्ये अशी वाचनीय नावं आणायची सेटिंग आहे, तीही चालू केली. दोन्हीकडे एकच नाव असलं की बोलताना घोळ होत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

वेळ मोजायला नॅनोटाइम वापरला. घड्याळाची वेळ मधेच नेटवर्कवरून दुरुस्त होते, आणि मग एखादी टेस्ट उणे वेळेत संपल्यासारखी दिसते. सुरू झाल्याची वेळ आयडीनुसार कॉनकरंटहॅशमॅपमध्ये, म्हणजे अनेक थ्रेडना (समांतर चालणाऱ्या कामांना) एकाच वेळी वापरता येणाऱ्या तक्त्यात, कारण पुढे टेस्ट समांतर चालवायच्या आहेत आणि तेव्हा लिसनरच्या मेथड एकाच वेळी अनेक थ्रेडमधून बोलावल्या जातील.

फेल झालेल्या टेस्टसाठी अख्खा स्टॅक ट्रेस (एरर कोडमध्ये कुठून कुठून आला त्याची लांब यादी) अण्णांसमोर ठेवण्यात अर्थ नाही. ज्युपिटरची असर्शन (उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे का ते तपासणारी ओळ) फेल होते तेव्हा येणाऱ्या एररमध्ये अपेक्षित आणि प्रत्यक्ष किंमत वेगवेगळी मिळते. ती काढून मराठी ओळ केली. मुद्दाम गणित बिघडवून बघितलं. ३० × ६० इंची टॉवेलचं क्षेत्रफळ १.१६१ चौरस मीटर. ५०० जीएसएमने एक टॉवेल साधारण ५८१ ग्रॅमचा, डझन ६.९७ किलोचं. इंच २.५४ सेंटीमीटरऐवजी २.५ धरला की डझन ६.७५ किलोवर येतं. रिपोर्टमध्ये ओळ आली: "अपेक्षित ६.९७, मिळालं ६.७५." एवढं वाचून अण्णा फोनवर सांगू शकतात की इंच चुकलाय. स्टॅक ट्रेस वाचून सांगता आलं नसतं. डझनामागे पाव किलोच्या आसपास सूत कमी धरलं गेलं तर ऑर्डरचा दरच चुकतो, म्हणून ही टेस्ट सगळ्यात वर ठेवली आहे.

जेयूनिट ४ च्या टेस्टमध्ये प्रत्येक वेळी असे दोन आकडे वेगळे मिळत नाहीत. तिथे एररचा मजकूरच जसाच्या तसा दाखवायचा.

९ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस या कामाचा गाभा होता, म्हणून सविस्तर लिहितो.

बीमच्या सुताचा हिशोब तपासणारा एक क्लास आहे. टेरी टॉवेलला दोन बीम (ताणा गुंडाळलेले रूळ) लागतात, एक ग्राउंडचा आणि एक पाइलचा, म्हणजे ज्या ताण्याचे लूप उभे राहतात त्याचा. दोन्हींचं सूत वेगळं, लांबी वेगळी, त्यामुळे या क्लासमध्ये चौदा टेस्ट आहेत. त्या सगळ्यांच्या आधी एकदाच चालणारी तयारीची मेथड आहे, बिफोरऑल. ती सूत काउंटचा (सुताच्या जाडीचा) तक्ता एका फाइलीतून वाचते. आज ती फाइल बिल्ड सर्व्हरवर नव्हती.

तयारी कोसळली, क्लास फेल म्हणून संपला. चौदांपैकी एकही टेस्ट सुरू झाली नाही. आणि सुरू झाली नाही म्हणजे संपल्याची घटनाही नाही. लिसनरकडे फक्त क्लासची एक ओळ आली. शुअरफायरही क्लासच्या नावावर एकच एरर दाखवतं. बिल्ड लाल झाला, तिथे फसवणूक नाही. फसवणूक टक्केवारीत आहे: चौदा टेस्ट भाजकातूनच गायब झाल्या, त्यांच्या जागी एक आली. अख्खा क्लास मेला तरी पास होण्याचं प्रमाण जेमतेम हलतं. चौदा टेस्ट खरोखर चालून फेल झाल्या असत्या तर आकडा कितीतरी वाईट दिसला असता. म्हणजे बिघाड जितका मुळाशी, तितका रिपोर्ट सौम्य. हे मला पटत नाही आणि कोणालाही पटू नये.

दुपारी कारखान्यात जायचंच होतं. पाइल बीमच्या नोंदी कशा ठेवतात ते बघत होतो. अण्णांच्या रजिस्टरमध्ये एका बाजूला लूमला दिलेलं सूत, दुसऱ्या बाजूला तयार टॉवेल, वेस्ट आणि परत आलेले सुताचे कोन. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय पान बंद होत नाही. मी त्यांना आमची अडचण सांगितली. ते म्हणाले, "मग तुमच्याकडं दिलेल्याची बाजू लिहीतच नव्हते की! नुसतं तयार माल मोजून काय कळणार?" लूमच्या खडखडाटात हे ओरडूनच बोलावं लागलं, पण रिपोर्टची रचना तिथेच नक्की झाली. आमची दिलेल्याची बाजू म्हणजे टेस्टप्लॅन.

आता लिसनर योजना सुरू होताच यादीतल्या प्रत्येक टेस्टची एक ओळ लिहितो, 'योजनेत' अशा खुणेने. पुढे सुरू झाल्याची आणि संपल्याची ओळ येते. कंटेनर फेल म्हणून संपला की टेस्टप्लॅनकडून त्याच्या पोटातले सगळे वंशज मागवायचे, त्यातल्या ज्या सुरूच झाल्या नाहीत त्यांना 'पोचलीच नाही' असं लिहायचं आणि शेजारी कंटेनर का पडला ते कारण. संध्याकाळी तोच बिल्ड पुन्हा चालवला. चौदा ओळी, चौदांपुढे 'सूत काउंटचा तक्ता सापडला नाही'. असा रिपोर्ट अण्णांपुढे ठेवायला संकोच वाटत नाही.

१० फेब्रुवारी

बंद ठेवलेल्या टेस्टचंही तसंच आहे. एक मेथड डिसेबल केली तर वगळल्याची घटना येते, सोबत कारणही येतं. अख्खा क्लास डिसेबल केला तर घटना फक्त क्लाससाठी येते, आतल्या टेस्टसाठी काहीच येत नाही. हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय, पण घाईत नजरेतून सुटणारं आहे. उपाय तोच, वंशज मागवून प्रत्येकाची ओळ लिहायची.

याच ओघात एक नियम घातला: कारण न लिहिता डिसेबल केलेली टेस्ट रिपोर्टमध्ये सगळ्यात वर, लाल चौकटीत. बंद ठेवायला हरकत नाही, पण का ते लिहायलाच हवं. टीममध्ये यावर थोडी कुरकुर झाली. मी ठाम राहिलो. ज्या जुन्या टेस्ट विनाकारण बंद होत्या त्यांतल्या काही उघडल्यावर लगेच पास झाल्या, म्हणजे त्या नुसत्या झोपवून ठेवल्या होत्या.

अटीवर थांबलेल्या टेस्ट वेगळ्या मोजतोय. अझम्प्शन (टेस्ट चालायची अट) पुरी झाली नाही तर टेस्टचा निकाल 'थांबवली' असा येतो. शुअरफायर त्या वगळलेल्यांमध्ये धरतं. आमच्याकडे वजनकाट्याशी बोलणाऱ्या टेस्ट काटा जोडलेला नसला की अशा थांबतात. मुद्दाम बंद केलेली टेस्ट आणि काटा नाही म्हणून थांबलेली टेस्ट यांची उत्तरं वेगवेगळी माणसं देतात, म्हणून रकानेही वेगळे.

१२ फेब्रुवारी

पॅरामीटरवाल्या टेस्टनी, म्हणजे एकच मेथड वेगवेगळ्या आकड्यांनी चालवणाऱ्या टेस्टनी, योजनेच्या बाजूला पेच टाकला. जीएसटीची टेस्ट तशी आहे. टॉवेल मेड-अप्समध्ये (कापडाच्या तयार वस्तूंत) येतो. आधी नगाची किंमत ₹१,००० पर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मर्यादा ₹२,५०० झाली, तोवर ५ टक्के आणि त्यावर १८. टेस्टमध्ये किंमत आणि बिलाची तारीख अशा जोड्या दिल्या आहेत: ₹१,००० आणि ₹१,००१ जुन्या तारखेला, ₹२,५०० आणि ₹२,५०१ नव्या तारखेला, शिवाय ₹१,००१ नव्या तारखेला, जिथे आता ५ च लागायला हवेत. बदल ज्या दिवशी लागू झाला त्याच्या आदल्या दिवसाचं बिलही आहे. सीमेवरच्या किमती सोडून मधल्या तपासल्या तर तपासल्यासारखं काहीच होत नाही.

पेच असा: अशी मेथड योजनेत कंटेनर म्हणून येते, तिच्या पोटात काही नसतं. प्रत्येक जोडीची टेस्ट चालताना जन्मते आणि तेव्हा 'डायनॅमिक टेस्ट नोंदली' अशी घटना येते. म्हणून योजनेची बाजू सुरुवातीला गोठवता येत नाही, त्या घटनेवरही 'योजनेत' ओळ घालावी लागते. आणि क्लासच कोसळला तर आत किती जोड्या होत्या हे प्लॅटफॉर्मलाही माहीत नसतं. तिथे मेथडचीच एक ओळ करून 'पोचलीच नाही, आत किती ते ठरलं नव्हतं' असं लिहितो. अशी मेथड ओळखायला खूण पक्की आहे: कंटेनर आहे, उगम मेथडचा आहे आणि मुलं नाहीत. अंदाजाने आकडा घालायचा मोह टाळला.

१३ फेब्रुवारी

अक्षरांचा प्रश्न, अपेक्षेप्रमाणे. कारखान्यातल्या विंडोज मशीनवर दुसऱ्या एका जुन्या युटिलिटीने काढलेल्या फाइलीत मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती, ती बघून आमचा लिसनर आधीच तपासून घेतला. जावा १७ पर्यंत साधा फाइलरायटर मशीनचा डिफॉल्ट कॅरेक्टर सेट धरतो. विंडोजवर तो बऱ्याचदा देवनागरी न पेलणारा असतो, आणि एकदा प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं की मूळ अक्षर परत मिळत नाही. जावा १८ पासून डिफॉल्ट यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरं पेलणारा सेट) झाला, पण आम्ही १७ वर आहोत. फाइल्स क्लासचा बफर्ड रायटर कॅरेक्टर सेट दिला नाही तरी यूटीएफ-८ मध्येच लिहितो. तोच वापरलाय.

सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली फाइल) एक्सेलमध्ये उघडली की मात्र मराठीची खिचडी दिसते, कारण फाइलीच्या सुरुवातीला बॉम (हा मेव्हनचा नव्हे, बाइट ऑर्डर मार्क ही खूण) नसला तर एक्सेल तिला यूटीएफ-८ समजत नाही. अण्णांकडे जाणाऱ्या अंतिम सीएसव्हीलाच बॉम लावला, आतल्या कामाच्या फाइलींना नाही. नावांमध्ये स्वल्पविराम असतात म्हणून प्रत्येक रकाना अवतरणात.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बिल्डला वेळ लागतो म्हणून शुअरफायरचं फोर्ककाउंट, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या वेगळ्या प्रक्रियांची (फोर्कची) संख्या, २ केलं. आता दोन जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारी यंत्रणा), दोन लिसनर. दोघांनी एकाच फाइलीत लिहिलं तर ओळी एकमेकींत मिसळणार. शुअरफायर प्रत्येक फोर्कला क्रमांक देतं, तो सिस्टीम प्रॉपर्टीतून घेऊन फाइलीच्या नावात घातला.

याबरोबर आणखी एक गोष्ट बदलते. असे फोर्क परत परत वापरले जातात तेव्हा शुअरफायर एकेक क्लास लाँचरकडे देतं, त्यामुळे 'योजना सुरू' आणि 'योजना संपली' या घटना दर क्लासला येतात. 'योजना संपली' म्हणजे सगळं संपलं, असं धरून तिथे रिपोर्ट लिहिणारे लिसनर शेवटच्या क्लासचाच रिपोर्ट मागे ठेवतात. आपला लिसनर फक्त ओळी जोडत जातो आणि प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर ढकलतो. बेरीज, टक्केवारी, एचटीएमएल हे सगळं बिल्डनंतर चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामकडे दिलंय. तो सगळ्या फाइली वाचतो, आयडीवरून एकत्र करतो.

ही विभागणी दुपारीच उपयोगी पडली. बारकोड लेबल छापणारा जुना कोड बाहेरून घेतलेला आहे. प्रिंटर सापडला नाही की तो थेट सिस्टीम एक्झिट बोलावतो. टेस्टमध्ये ते घडलं की जेव्हीएमच बंद पडतो, आणि शुअरफायर फक्त एवढंच म्हणतं की फोर्क नीट निरोप न घेता गेला. आमच्या फाइलीत मात्र शेवटची ओळ 'लेबल छपाई, प्रिंटर नाही : सुरू' अशी होती आणि तिची 'संपली' ओळ नव्हती. गुन्हेगार टेस्ट नावानिशी सापडली. रिपोर्टमध्ये अशा टेस्टसाठी 'मधेच तुटली' हा रकाना वाढवला. त्या कोडभोवती आता एक आवरण लिहितोय, म्हणजे प्रिंटर नसला तर एक्सेप्शन येईल आणि प्रोग्राम जिवंत राहील.

१७ फेब्रुवारी

फेल टेस्ट पुन्हा चालवायची शुअरफायरची सेटिंग आमच्या बिल्डमध्ये चालू आहे. लिसनरला तेव्हा तोच आयडी परत दिसतो. आधी फेल, मग पास, असं असेल तर ती टेस्ट पासमध्ये घालायची नाही, 'डळमळीत' म्हणून वेगळी दाखवायची, असं केलं.

पहिल्याच रिपोर्टमध्ये लेबल क्रमांकाची टेस्ट तिथे आली. दोन थ्रेड एकदम पुढचा क्रमांक मागतात तेव्हा कधीकधी दोघांना एकच मिळतो. कोड बघितला तर साध्या लाँग व्हेरिएबलला एक मिळवलाय, कुलूप नाही. पुन्हा चालवून हिरवा होणारा बिल्ड हे कधीच सांगत नव्हता. पॅकिंगमध्ये दोन गठ्ठ्यांवर एकच बारकोड गेला असता तर डिस्पॅचला शोधत बसावं लागलं असतं. ॲटॉमिकलाँग (एका वेळी एकालाच क्रमांक वाढवू देणारा मोजक) घातला. माझ्या मते पुन्हा चालवायची सेटिंगच नको, पण टीमचं म्हणणं काही दिवस राहू द्या, रिपोर्टमध्ये दिसतंय तर. ठीक आहे, दिसतंय हे महत्त्वाचं.

१८ फेब्रुवारी

लिसनर स्वतःच पडला तर? जेयूनिटचा प्लॅटफॉर्म लिसनरमधून आलेलं एक्सेप्शन पकडतो, लॉगमध्ये इशारा लिहितो आणि पुढे जातो. टेस्टच्या दृष्टीने हे योग्यच आहे, रिपोर्ट लिहिणाऱ्यामुळे टेस्ट अडू नये. पण याचा अर्थ डिस्क भरली किंवा फोल्डरवर लिहायची परवानगी नसली तर बिल्ड हिरवा आणि रिपोर्ट रिकामा. म्हणून बेरीज करणारा प्रोग्राम तीन गोष्टी तपासतो: किमान एक फाइल आहे का, प्रत्येक फाइलीत योजनेच्या ओळी आहेत का, आणि योजनेतला प्रत्येक आयडी कुठल्या ना कुठल्या रकान्यात नेमका एकदा पडला का. यातलं काहीही चुकलं तर तो शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड देतो आणि बिल्ड तिथेच थांबतो.

फोल्डरची परवानगी काढून बघितलं, थांबला. डिस्क भरल्यासारखं करून बघितलं, थांबला.

उद्या शिवजयंतीची सुट्टी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्ट घेऊन कारखान्यात गेलो. कागदावर छापूनच नेला, अण्णांना पेनाने खुणा करत वाचायची सवय आहे. त्यांनी आधी खालची बेरीज बघितली, मग वर गेले. 'पोचलीच नाही' रकाना रिकामा होता, 'अटीवर थांबली'त वजनकाट्याच्या टेस्ट होत्या. "काटा इथंच आहे की, इथं चालवून बघू," असं म्हणून त्यांनी लॅपटॉप पॅकिंग विभागात न्यायला लावला. काटा जोडला, त्या टेस्ट चालल्या, दोन फेल झाल्या. काटा ग्रॅममध्ये आकडा पाठवतो आणि एका ठिकाणी कोड किलो समजून वाचत होता. ऑफिसात काटा नसल्यामुळे या टेस्ट नेहमी थांबायच्या, म्हणून हे इतके दिवस झाकलेलं होतं. दुरुस्ती तिथेच बसून केली, रिपोर्ट पुन्हा काढला, अण्णांनी प्रत्येक रकान्यापुढे बरोबरची खूण करून खाली सही केली.

त्यांनी एक मागणी केली, ती रास्त आहे: मागच्या रिलीजला जी टेस्ट होती आणि या वेळी योजनेतच नाही, ती दाखवा. कोणी टेस्ट फाइलीतून काढूनच टाकली तर आजचा लिसनर ते पकडू शकत नाही, कारण ती दिलेल्याच्या बाजूलाही नसते. मागच्या योजनेचे आयडी जपून ठेवून नव्याशी ताडून बघायचे. मेथडचं नाव बदललं की आयडी बदलतो, त्यामुळे नाव बदललेली टेस्ट 'एक गेली, एक आली' अशी दिसेल. ते चालेल, पाहणाऱ्याने एकदा खूण करून मोकळं व्हावं. सोमवारी याला हात घालायचा, आणि व्हिंटेजवरच्या टेस्ट ज्युपिटरवर नेताना सगळे आयडी बदलणार आहेत म्हणून ते काम या तुलनेच्या आधी उरकायचं.